जरा ॲडजस्ट कर ना

विठ्ठलवाडीहून सकाळी सीएसएमटीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळेल अशी आशा धरणारी बाई एकतर नवीन लग्न होऊन आलेली असते, नाहीतर रविवारी निघालेली असते. गाडी कर्जत, बदलापूर नाहीतर अंबरनाथहून भरून येते. उल्हासनगर घेऊन आमच्या स्टेशनात शिरते तेव्हा बाकावरच्या तिन्ही जागा गेलेल्या असतात. नशीब जोरावर असेल तर एखादी चौथी सीट उरलेली असते. पुढचं स्टेशन कल्याण. तिथे काय होतं ते सांगायला नको. त्यामुळे आम्हाला जे काही मागायचं असतं ते मधल्या चार-पाच मिनिटांतच मागून घ्यावं लागतं.

चौथी सीट म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. सेकंड क्लासचा बाक तिघांसाठी केलेला असतो. रेल्वेच्या लेखी तिथे चौथी जागा नाही. तरी ती आहे. खिडकीतली बाई खिडकीला चिकटते, मधली तिला चिकटते, तिसरी अंग चोरते आणि कडेला वीतभर बाक उरतो. चौथीने तिथे टेकायचं, एक पाय पॅसेजमध्ये रोवायचा, पर्स मांडीवर घ्यायची आणि वळणावर तोल जाऊ नये म्हणून हाताला लागेल ते धरायचं. याला बसणं म्हणता येत नाही, उभं राहणंही म्हणता येत नाही. पण तासाभराच्या प्रवासात कंबरेला तेवढा आधारही पुरतो.

ही जागा मागायचं वाक्य ठरलेलं आहे. 'जरा ॲडजस्ट करा ना.' तीन शब्द मराठी, एक इंग्रजी, आणि सगळं काम त्या इंग्रजी शब्दाकडे. 'सरका' म्हटलं तर हुकूम वाटतो. 'जागा द्या' म्हटलं तर भीक वाटते. 'ॲडजस्ट करा' म्हटलं की तिघी मान वर न करता, मोबाइलमधली सीरियल न थांबवता, दोन-दोन इंच सरकतात.

गेल्या नोव्हेंबरात एका मंगळवारी मी अशीच चौथ्या सीटवर टेकले होते आणि धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचं लग्न मे महिन्यात झालेलं. ती म्हणाली, "ताई, जमत नाहीये गं." मग पाच वाजता उठणं, चार डबे, सात बावीसची गाडी, रात्री आठला घरात पाय ठेवल्यावर 'पोळ्या कधी टाकतेस?' हा प्रश्न, हे सगळं एका दमात सांगितलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, हुंडा नाही. सांगायला गेलं तर काहीच नाही. माझ्या बाजूला कोणीतरी कोणाच्या तरी पायावर पाय दिला होता, त्यावरून भांडण चाललं होतं. मी एका कानात बोट घालून म्हटलं, "अगं, पहिलं वर्ष असतं. थोडं ॲडजस्ट कर."

दहाच मिनिटांपूर्वी मी तो शब्द तीन अनोळखी बायकांना उद्देशून वापरला होता आणि त्या सरकल्या होत्या. शब्द तोंडात गरम होता. तोच बहिणीला दिला.

ती "बरं" म्हणाली. त्यानंतर चार महिने तिने एकदाही तक्रार केली नाही. फोन यायचे, पण त्यात हवापाणी असायचं, आईचं बीपी असायचं, कुठल्याशा रीलची लिंक असायची. मला वाटलं, जमलं बहुतेक. मार्चमध्ये ती एक बॅग घेऊन 'दोन दिवस' म्हणून आली आणि राहिली.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे.

तुम्हीही एक दिवस कान उघडे ठेवून मोजून बघा. वाण्याकडे दोन रुपये सुट्टे नसतात, तो म्हणतो, पुढच्या वेळी ॲडजस्ट करू. घरमालक डिपॉझिट शेवटच्या दोन महिन्यांच्या भाड्यात ॲडजस्ट करतो. बॉस तुमची रविवारची हजेरी कधीतरी सुट्टीत ॲडजस्ट करणार असतो. कल्याण ते उल्हासनगर शेअर रिक्षात मागे तिघं बसल्यावर चौथा ड्रायव्हरच्या शेजारी ॲडजस्ट होतो, अर्धा बाहेर. गॅरेजमधला मुलगा ब्रेक ॲडजस्ट करून देतो. सरकारी कामात फाइल अडली की मधला माणूस खालच्या आवाजात म्हणतो, तेवढं साहेबांचं ॲडजस्ट करावं लागेल. आणि मुलगी सासरी गेली की ती ॲडजस्ट करते. उधारी, हिशोब, पिळवणूक, दाटीवाटी, दुरुस्ती, लाच आणि संसार, एवढं सगळं एका क्रियापदात मावलेलं आहे. म्हणजे या शब्दानेच आधी ॲडजस्ट केलंय.

यातल्या ब्रेकवाल्या अर्थाकडे जरा थांबून बघायला हवं. इंग्रजीत ही क्रिया मुळात वस्तूवर होते. आरसा, पट्टा, घड्याळ, ब्रेक. करणारा माणूस वेगळा, जिच्यावर करायची ती वस्तू वेगळी. नट सैल करायचा की आवळायचा ते गॅरेजवाला ठरवतो, नटाला कोणी विचारत नाही. माणसाने स्वतःला परिस्थितीशी जुळवून घेणं हा अर्थ इंग्रजीतही आहेच, पण आपण तो उचलला आणि त्याला आज्ञार्थ लावला. 'ॲडजस्ट कर.' म्हणजे नट तूच आणि पानाही तूच. तुझं तूच आवळून घे.

आणि हे 'घे' तर मला फार खटकायला लागलं आहे. ॲडजस्ट करून घे. जुळवून घे. समजून घे. चालवून घे. मराठीत 'घेणे' हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की काम स्वतःसाठी केल्याचा भास होतो. जेवून घे, झोपून घे, यात खरंच आपला फायदा असतो. पण जुळवून घेताना बाई देत असते. वेळ देते, झोप देते, पगार देते, आवडी देते. भाषा मात्र तिला सांगते की ती घेते आहे. व्याकरणाने इतकी सफाईदार फसवणूक केल्याचं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

या कुटुंबातला एकच जुना प्रयोग मला सरळ वाटतो, तो म्हणजे 'सांभाळून घ्या'. लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीचे वडील हात जोडून हे कोणाला म्हणतात? सासरच्यांना. लेकरू आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. त्या हात जोडण्यात मुलीच्या बापाची जी लाचारी आहे ती मला आवडत नाही, पण विनंतीची दिशा बघा. ज्यांचं घर आहे, ज्यांची माणसं जास्त आहेत, ज्यांच्या हातात सत्ता आहे, त्यांनी सरकावं असं तिथे मागितलेलं आहे. 'ॲडजस्ट कर' मात्र सरळ मुलीला सांगितलं जातं. आपण शब्द आधुनिक केला आणि विनंतीचा पत्ता बदलला. आमच्या बाबांनी मे महिन्यात पहिलं वाक्य म्हटलं होतं, मी नोव्हेंबरात दुसरं म्हटलं. आमच्या दोघांत शिकलेली मी.

शब्दाच्या जन्माची गोष्टही मजेची आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ शब्द 'युक्स्ता', म्हणजे जवळ, शेजारी. म्हणजे मूळ अर्थ निव्वळ जवळ आणणं, लगत बसवणं. पण लॅटिनमध्येच 'युस्तुस' असा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ न्याय्य, रास्त. ऐकायला सारखे. लोकांनी दोन्हींची गल्लत केली आणि पुढे नुसतं जवळ आणण्याच्या क्रियेला नीट, रास्त बसवण्याची छटा चिकटली. ही गल्लत मला आमच्या डब्यात रोज दिसते. चार बायका एका बाकावर चिकटून बसल्यात हे खरं. पण चिकटून बसल्या म्हणजे रास्त बसल्या असं होतं का?

मला वाटतं, चौथ्या सीटच्या बाबतीत होतं. मी ॲडजस्ट करण्याच्या विरुद्ध नाही. ज्या दिवशी एकही बाई सरकणार नाही त्या दिवशी ही गाडी चालणार नाही, घरही चालणार नाही. चौथी सीट ही मुंबईच्या माणसांनी, कोणी न शिकवता, कोणत्याही कायद्याशिवाय उभी केलेली एक नैतिक व्यवस्था आहे आणि तिचा मला अभिमानच वाटतो. पण ती रास्त का वाटते ते बघायला हवं. तिथे तिघी सरकतात, एकटी कोणी नाही. कोण किती सरकलं ते सगळ्यांना दिसतं. खिडकीतली बाई पाय फाकवून बसली तर मधली तिला कोपर लावते. मुख्य म्हणजे स्टेशन येतं. बाक भरलेला असला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "कुठे उतरणार?" ती म्हणते ठाणे. मग ठाण्याला ती उतरली की चौथी तिसरी होते आणि नवी चौथी येते. उद्या मीच आधी चढले तर मला कोणासाठी तरी सरकावं लागेल, हे मला आज सरकून घेताना माहीत असतं.

आता हेच घरात लावून बघा. सरकणारी एकच. किती सरकली हे कोणी मोजत नाही. बाकीचे सरकलेलेच नाहीत हेही कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते आधीपासून तसेच बसलेले असतात. आणि 'कुठे उतरणार?' हा प्रश्नच नाही. मी बहिणीला 'पहिलं वर्ष असतं' म्हटलं, म्हणजे पुढे एक स्टेशन आहे असं तिला खोटंच सांगितलं. दुसऱ्या वर्षी कोणी उतरत नाही.

बहीण आल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही दोघी गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेलो. तिचे लग्नातले तीन ब्लाउज होते. काकांनी सवयीने पहिला ब्लाउज उलटा केला आणि शिवणीच्या आत बोट घालून बघितलं. ज्यांनी कधी कपडा शिवून घेतलेला नाही अशा ऑनलाइन पिढीसाठी सांगते (मीही त्यातलीच, फक्त ब्लाउजपुरती सुटलेली), शिवताना टेलर आतल्या बाजूला जास्तीचं कापड सोडतो. अंग भरलं, माप वाढलं, तर शिवण उसवून तेवढा कपडा सैल करता येतो. या सोडलेल्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात. माया ठेवली आहे का, माया किती आहे, असं टेलर विचारतात. लहानपणी आईने आमच्या फ्रॉकना एवढी माया ठेवायला लावलेली असायची की एक फ्रॉक तीन वर्षं चालायचा, आणि मग तो धाकटीला.

काका म्हणाले, "माया आहे भरपूर. किती सैल करू?"

बहीण म्हणाली, "सैल नाही काका, आत घ्यायचेत."

ते म्हणाले, "मग माया कशाला बघायची. सैल करायला माया लागते, आवळायला लागत नाही."

त्यांना अर्थातच ब्लाउजबद्दलच बोलायचं होतं. त्यांनी खडू घेतला आणि दोन्ही बाजूंना बोटभर आत खुणा केल्या. दहा महिन्यांत बोटभर. मी दुकानाबाहेरच्या गटाराकडे बघत उभी राहिले.

माया कापड कापतानाच ठेवावी लागते. कपडा तंग झाल्यावर, शिवण उसवायला लागल्यावर ती आणता येत नाही. आणि ती आतल्या बाजूला असते, मिरवायची गोष्ट नसते. ज्या घरात नवी मुलगी येणार आहे त्या घराने आपल्या दिवसात, स्वयंपाकघरात, सकाळच्या वेळापत्रकात तिच्यासाठी जास्तीचं काही सोडलं होतं का? चार डबे आधी भरले जात होतेच ना? कोण भरत होतं? ते काम कोणाच्या तरी हातातून सुटून तिच्या हातात आलं. म्हणजे ती आल्यावर त्या घरातलं कोणीतरी आरामात बसलं. ती एका सुटलेल्या जागेवर बसायला गेली नाही, ती आल्यामुळे दुसऱ्याला जागा झाली. मग सरकायला तिलाच कसं सांगितलं?

सरकण्याच्या दिशेबद्दल बोलतोय, तर आमच्या स्टेशनच्या नावातच विठ्ठल आहे. त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला. पुंडलिक उठला नाही. त्याने एक वीट फेकली आणि सांगितलं, यावर उभा राहा, माझं होईपर्यंत थांब. देव थांबला. अठ्ठावीस युगं झाली म्हणतात. एवढ्याशा विटेवर, दोन्ही पाय जुळवून. आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध चौथी सीट ही आहे, आणि तिच्यावर देव आहे. भक्ताच्या सोयीने देवाने ॲडजस्ट केलं. ही गोष्ट आपण आईवडिलांची सेवा करावी म्हणून मुलांना सांगतो. त्यातला थोराने लहानासाठी ताटकळत उभं राहण्याचा भाग सांगायला विसरतो.

आणि रखुमाई? ती तर रुसून निघून आली होती. द्वारकेहून निघाली, दिंडीरवनात येऊन बसली. तो तिला शोधत मागे आला अशी कथा आहे. पंढरपुरात आजही तिचं देऊळ त्याच आवारात, पण वेगळं आहे, गाभारा वेगळा. तिने जुळवून घेतलं नाही म्हणून कोणी तिचं दर्शन टाळत नाही.

तिच्या नावाची एक बाई मुंबईत होऊन गेली. रखमाबाई, जन्म १८६४. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण ती आईकडे आणि सावत्र वडिलांकडे, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली, शिकली. पुढे तिने नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, अपिलानंतर तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग पत्करते म्हणून कळवलं. 'केसरी'सकट बरीच वर्तमानपत्रं तिच्यावर तुटून पडली होती. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती लंडनला गेली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली, आणि पुढची कित्येक वर्षं सुरत आणि राजकोटला बायकांवर उपचार करत राहिली. ही गोष्ट मी शाळेत असताना कोणी सांगितली नाही. मोबाइलवर सापडली.

'तडजोड' हा शब्द तिथे बरोबर बसतो, कारण तिला दोन बाजू लागतात. एकट्याला तडजोड करता येत नाही. ॲडजस्ट एकट्याला करता येतं.

मी रखमाबाईचं उदाहरण बहिणीने घटस्फोट घ्यावा म्हणून देत नाहीये. ते ती ठरवेल. मला फक्त एवढं दिसतं की रखमाबाईला सगळं जग 'थोडं जुळवून घे' म्हणत होतं, आणि त्यात बायकाही असणार. कारण हे वाक्य सगळ्यात जास्त कोण म्हणतं? मी म्हटलं. आई म्हणाली. मावशी म्हणाली. आम्ही तिघींनी आपापल्या वेळी केलेलं होतं.

हे कसं होतं ते कल्याणला बघायला मिळतं. गाडी थांबते, प्लॅटफॉर्मवरच्या बाया ओरडतात, "आत सरका, आत खूप जागा आहे!" त्यातली एक कशीबशी पाय ठेवते, आत शिरते, वळते, आणि मागच्या बाईला म्हणते, "आत कुठे जागा आहे? मागून येते ना दुसरी गाडी!" मधे गेलेले सेकंद किती? पाच. ती खोटारडी नाही. बाहेर होती तेव्हा तिला जागा दिसत होती, आत आल्यावर खरंच दिसेना. आम्ही त्यावर हसतो. पण दहा वर्षं चेंगरून घेतलेल्या बाईचं यापेक्षा वाईट होतं. तिला जागा दिसत नाही एवढंच नाही, तर नव्या बाईला जागा मिळाली तर आपलं चेंगरणं फुकट गेलं असं तिला वाटतं. 'आम्ही नाही का केलं?' या वाक्यात वसुली असते. मी बहिणीला फोनवर जे दिलं त्याला मी सल्ला समजत होते. ती वसुली होती हे कळायला मला मार्च उजाडावा लागला. माझ्या पहिल्या वर्षी मी रडायला बाथरूममध्ये जायचे आणि नळ सोडायचे. ते कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून तिनेही सांगू नये, असंच काहीतरी माझ्या आत असणार.

बरं, हे घरापुरतं राहत नाही. रेल्वेच्या भाषेत आमच्या गर्दीला नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी. एक चौरस मीटर म्हणजे दोन्ही हात पसरले तर त्याहून मोठं माप होतं. तेवढ्यात चौदा. माणसं आधी ॲडजस्ट झाली, मग त्या ॲडजस्ट होण्याला नाव मिळालं, आणि नाव मिळालेली गोष्ट आपोआप नेहमीची होते. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल विरुद्ध दिशांनी एकमेकींना ओलांडत होत्या आणि दोन्ही गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे लावायचं रेल्वेने जाहीर केलं. आमच्या डब्यात तेव्हा चर्चा अशी झाली की दरवाजे बंद झाले तर आत गुदमरून मरू, आणि मग जी बाई कायम दारात उभी राहते ती म्हणाली, "होईल सवय. ॲडजस्ट करू." कोणीतरी हसलं. मी पण हसले.

मार्टिन ल्यूथर किंग १९६७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेसमोर बोलले होते. समाजाशी नीट जुळलेलं मन म्हणजे निरोगी मन, असं त्या मंडळींचं शास्त्र सांगत होतं. किंग त्यांना म्हणाले की जगात काही गोष्टी अशा आहेत ज्यांच्याशी माणसाने कधीच जुळवून घेऊ नये, वंशभेद, आर्थिक विषमता, हिंसा. आणि तिथे न जुळणं हेच धडधाकटपणाचं लक्षण. मोठी माणसं मोठ्या गोष्टींबद्दल बोलतात. माझी अडचण वेगळी आहे. वंशभेद ओळखू येतो. चार डबे ओळखू येत नाहीत. रोजचा डबा हा अन्याय आहे की संसार, हे त्या डब्याकडे बघून कळत नाही. बाकीचे किती सरकले ते बघितल्यावरच कळतं.

हे मला बहिणीनेच दाखवलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी जावई आले. (मी त्यांना एरवी नावाने हाक मारते, पण त्या दिवशी ते जावईच होते.) माणूस वाईट नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसले, चहा घेतला, बिस्किट बुडवता बुडवता अर्धं कपात पडलं. आई दारात उभी राहून "लहान आहे अजून, सांभाळून घ्या" वगैरे सुरू करणार होती, तेवढ्यात तेच म्हणाले, "आई, मी हिला तेच सांगत होतो, दोन्ही बाजूंनी थोडं ॲडजस्ट करू."

बहीण इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मी किती सरकले ते तुला माहितीय. तू किती सरकलास ते सांग."

आवाज चढलेला नव्हता. लोकलमध्ये आपण खिडकीतल्या बाईला विचारतो तसंच विचारलं. त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला, ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "मी रविवारी पाणी भरतो." मग त्यांनाच ते कमी वाटलं असावं. पंखा फिरत होता. चहाचा कप त्यांनी स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला, आणि निघाले.

त्या रात्री मी तिला म्हटलं, नोव्हेंबरात फोनवर मी चुकीचं बोलले. ती म्हणाली, "तू गाडीत होतीस ना. मागे भांडण ऐकू येत होतं. मला वाटलं, हिलाच बसायला नाही, ही मला काय जागा देणार." मग कुशीवर वळून झोपली. आमच्या घरी एकच पलंग आहे, त्यावर आम्ही दोघी, खाली आई आणि बाबा. तिने दिवा घालवला तेव्हा मी भिंतीकडे सरकले.

पुढच्या रविवारी जावई परत आले. हातात डबा होता. भेंडी केली होती, एका बाजूने करपलेली. व्हिडिओ बघून केली म्हणाले, सहा वाजता उठून, आईला न विचारता. बहिणीने पोळीबरोबर खाल्ली. "मीठ नाहीये," म्हणाली. त्यांनी मोबाइल काढला आणि व्हिडिओ परत लावून बघितला, मीठ कुठे राहिलं ते शोधायला.

ती अजून इथेच आहे. सकाळी आम्ही दोघी एकाच गाडीला जातो.